क्वालिटी इनचार्जची एक जागा, एक आयटीआयवाले दादा आणि एक बीई मुलगी: भोसरीतल्या एका भरतीचं प्रकरण

प्रकरण खरं आहे. नावं काढलीत, कस्टमर कोण ते सांगणार नाही आणि पगाराचे आकडे थोडे इकडेतिकडे केलेत, बाकी जे घडलं ते तसंच लिहिलंय. मी पिंपरी-चिंचवडमधल्या छोट्या युनिटांची एचआरची कामं बाहेरून बघते, म्हणजे भरती, हजेरी, पीएफ-ईएसआयसी, असलं सगळं.

पार्श्वभूमी

भोसरी एमआयडीसीतलं युनिट, साधारण साठ माणसं. सीएनसी टर्निंग (कॉम्प्युटरवर चालणारे लेथ), चार-पाच व्हीएमसी (तशीच मिलिंगची मशीन), एक इन्स्पेक्शन रूम आणि वर माळ्यावर ऑफिस. काम ऑटो कंपोनंटचं, चाकणच्या टियर-वनला (गाडी कंपनीला थेट माल देणाऱ्या सप्लायरला) बुश, हाउसिंग, छोटे शाफ्ट असे पार्ट जातात. मालक स्वतः टर्नर, मोठ्या कंपनीत नोकरी करून नंतर एक जुना लेथ घेऊन भाड्याच्या गाळ्यात सुरुवात केलेले. आता कारभार बराचसा मुलगा बघतो, त्याला सगळे छोटे साहेब म्हणतात, तो मेकॅनिकल बीई आणि वर एमबीए.

तर झालं असं की यांचा क्वालिटी इनचार्ज महिन्याची नोटीस देऊन चाकणला मोठ्या कंपनीत गेला. तो माणूस दोन्ही बाजू सांभाळायचा, शॉपवरची क्वालिटी पण आणि कागद पण, म्हणजे पीपीएपी (पार्ट मंजूर करून घ्यायचे कागद), कंट्रोल प्लॅन (काय, कधी, कसं तपासायचं त्याचा आराखडा), कस्टमरची तक्रार आली की ८डी (कारण शोधून उपाय लिहायचा ठरलेल्या टप्प्यांचा रिपोर्ट), सगळं. आणि आयएटीएफ १६९४९ चं (ऑटो उद्योगाचं क्वालिटी स्टँडर्ड) सर्व्हेलन्स ऑडिट (सर्टिफिकेट टिकवायला होणारी तपासणी) तीन-चार महिन्यांवर आलेलं. छोट्या साहेबांनी जुनीच जाहिरात उचलून परत टाकली: बीई मेकॅनिकल अनिवार्य, किमान ३ वर्षं अनुभव.

आता दादांबद्दल. शॉपमध्ये सगळे त्यांना दादा म्हणतात म्हणून मी पण तेच लिहिते. मूळचे सोलापूर जिल्ह्यातले, दहावीनंतर आयटीआय मशिनिस्ट, इथेच अप्रेंटिस म्हणून लागले, मग ऑपरेटर, मग सेटर (मशीन लावून देणारा), आणि गेली पाच वर्षं इन्स्पेक्शनला. एकूण चौदा वर्षं एकाच छपराखाली. जुना इनचार्ज रजेवर असला की त्याचं काम दादाच बघायचे. पण जागा निघाल्याचं त्यांना कोणी सांगितलंच नाही, नोटीस बोर्डावर काही लागलं नाही, ऑपरेटर लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी जाहिरातीचा स्क्रीनशॉट टाकला तेव्हा कळलं. मला जिन्यात गाठून विचारलं, "मॅडम, त्यात डिग्री लिहिलंय, मग मी अर्ज टाकलेला चालतंय का?"

अडचण नेमकी काय होती

छोट्या साहेबांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, त्यांचे चार मुद्दे होते. ऑडिटर डिग्री मागतात. कस्टमरचा एसक्यूए (सप्लायरची क्वालिटी बघणारा त्यांचा माणूस) इंजिनीअरशीच बोलतो. मेल इंग्रजीत असतात. आणि प्रॉडक्शनमधले डिप्लोमा-बीईवाले आयटीआयवाल्याचं ऐकणार नाहीत. यातला इंग्रजीचा मुद्दा खराच होता, दादांना ड्रॉइंग वाचता येतं, रिपोर्ट भरता येतो, पण मेलमध्ये चार वाक्यं लिहायची म्हटलं की अडकतात. ऐकणार नाहीत हा मुद्दा अर्धा खरा होता. पहिले दोन मात्र कोणी तपासलेच नव्हते, सगळे वर्षानुवर्षं तसं म्हणत आलेले एवढंच.

दुसऱ्या बाजूला शॉपमधल्या लोकांचं ठरलेलं होतं की दादांनाच मिळालं पाहिजे, चौदा वर्षं झाली, हक्क आहे त्यांचा. हे पण मला पटत नव्हतं आणि मी तसं स्पष्ट बोलले. चौदा वर्षांत माणूस किती शिकला हे वर्षांच्या आकड्यावरून कळत नाही, त्याच शॉपमध्ये जुने झालेले आणि अजून मायक्रोमीटरचा झिरो दुसऱ्याकडून सेट करून घेणारे लोक आहेत. दादा तसे नाहीत हे सगळे म्हणत होते, पण म्हणणं वेगळं आणि दाखवणं वेगळं.

आणि त्याच आठवड्यात कस्टमरकडून तक्रार आली. एका स्टीलच्या हाउसिंगचा २५ एच७ बोअर (आतलं गोल भोक) अंडरसाइज, लॉट परत. आपल्याकडे रिपोर्टवर सगळे पीस ओके आणि कस्टमरच्या स्टँडर्ड रूममध्ये (मोजमापाच्या खोलीत) नॉट ओके, हे महिनाभरात दुसऱ्यांदा झालेलं. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, २५ एच७ म्हणजे बोअर २५.००० पासून २५.०२१ मिलिमीटरपर्यंतच चालतो, २१ मायक्रॉनची जागा, त्याच्या बाहेर गेला की रिजेक्ट.

समोर कोणते पर्याय होते

बाहेरून बीईवाला आणायचा, पंचेचाळीस हजारापर्यंत बजेट होतं. किंवा दादांना बढती द्यायची आणि कागदांचं बघू म्हणायचं. किंवा जागा दोन भागांत तोडायची, शॉपचं एकाकडे, सिस्टीमचं दुसऱ्याकडे, पण साठ माणसांच्या युनिटला दोन पूर्ण पगार परवडत नव्हते. मी चौथं सुचवलं की डिग्रीची अट काढा, जाहिरात आतही लावा आणि सगळ्यांना तेच काम करून दाखवायला लावा जे उद्या करायचंय.

मालक लगेच हो म्हणाले. छोटे साहेब म्हणाले, अट काढली तर ऑडिटला उत्तर कोण देणार.

निर्णयाचा पहिला टप्पा: डिग्रीची अट कुठून आली?

इथे मी भांडण न करता स्टँडर्डचीच प्रत काढली. आयएटीएफ १६९४९ हे आयएसओ ९००१ वर उभं आहे, आणि आयएसओ ९००१:२०१५ च्या कलम ७.२ मध्ये सक्षमतेबद्दल जे लिहिलंय त्याचा अर्थ सरळ आहे: काम करणारा माणूस योग्य शिक्षण, प्रशिक्षण किंवा अनुभव यांच्या आधारावर सक्षम असला पाहिजे आणि त्याचा पुरावा कंपनीकडे असला पाहिजे. मधला शब्द 'किंवा' आहे. कोणत्या कामाला काय लागतं हे कंपनीनेच ठरवायचं असतं, मग ऑडिटर बघतो की तुम्ही जे ठरवलंत ते पाळलं का. म्हणजे या कंपनीने स्वतःच्या कॉम्पिटन्सी मॅट्रिक्समध्ये (कोणत्या जागेला काय यावं लागतं त्याच्या तक्त्यात) इनचार्जसमोर बीई लिहून ठेवलं होतं म्हणून ऑडिटर बीई मागत होता! इंटर्नल ऑडिटरसाठी मात्र आयएटीएफची अपेक्षा जास्त आहे, कोअर टूल्स (पीपीएपीसारख्या ठरलेल्या क्वालिटीच्या पद्धती), कस्टमरच्या खास अटी, प्रोसेस अप्रोच हे सगळं यावं लागतं, पण ते प्रशिक्षणातून येतं, पदवीच्या कागदातून नाही.

मग एसक्यूएला फोन लावला, स्पीकरवर. तो म्हणाला डिग्री आमच्या रिक्वायरमेंटमध्ये कुठेच नाही, ८डी वेळेत आला पाहिजे आणि रूट कॉजमध्ये 'ऑपरेटर निग्लिजन्स' लिहून पाठवू नका, बस. छोट्या साहेबांनी हे स्वतः ऐकलं हे बरं झालं.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. काही जागा अशा असतात की तिथे कागद हा कायदाच आहे, बॉयलर चालवायला सर्टिफिकेट लागतं, औषधं द्यायला रजिस्टर्ड फार्मासिस्ट लागतो, सेफ्टी ऑफिसरला ठरलेली पात्रता लागते. तिथे अनुभव कितीही असो, अट शिथिल करायचा प्रश्नच येत नाही आणि येऊ पण नये. माझं म्हणणं त्या जागांबद्दल आहे जिथे कायदा, स्टँडर्ड, कस्टमर कोणीच मागत नाही आणि आपणच सवयीनं लिहितो.

निर्णयाचा दुसरा टप्पा: मग तपासायचं कशावर?

भरतीवरच्या संशोधनात एक जुना आणि फार वापरला जाणारा अभ्यास आहे, श्मिट आणि हंटर यांचा, १९९८ चा. त्यांनी आधीच्या ८५ वर्षांतलं संशोधन एकत्र करून बघितलं की निवडताना वापरलेली कोणती गोष्ट पुढच्या कामाशी किती जुळते. शून्य म्हणजे अजिबात जुळत नाही, एक म्हणजे पूर्ण जुळतं, असं धरून शिक्षणाची वर्षं ०.१०, अनुभवाची वर्षं ०.१८, आणि प्रत्यक्ष काम करून दाखवायची चाचणी ०.५४, सगळ्यांना तेच प्रश्न विचारून घेतलेली मुलाखत ०.५१. नंतर २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हिशोब परत मांडला, त्यात आकडे खाली आले, पण ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत आणि करून दाखवलेलं काम हे वर्षं मोजण्यापेक्षा पुढेच राहिलं. मला यातलं महत्त्वाचं हे वाटतं की नुसती वर्षं मोजली तर डिग्री आणि अनुभव दोन्ही कच्चे पुरावे आहेत, आणि आपल्याकडे सगळा वाद नेमका त्या दोघांतच चालतो.

म्हणून अर्ध्या दिवसाची चाचणी ठरवली. कस्टमरकडून परत आलेल्या लॉटमधले वीस पीस, ड्रॉइंग आणि त्या आठवड्याचे इन्स्पेक्शन रिपोर्ट द्यायचे, चूक शोधायची. त्यावर ८डीचा कच्चा मसुदा, मराठीत चालेल असं आयत्या वेळी ठरलं. गेज आर अँड आरचा (गेज परत परत तेच मोजमाप दाखवतं का याच्या तपासणीचा) एक भरलेला तक्ता वाचून गेज चालेल का ते सांगायचं. आणि शेवटी एक ऑपरेटर समोर बसवून, जो ऑफसेट (मशीनमधली टूलची सेटिंग) बदलायला तयार नाही, त्याच्याशी बोलायचं.

सहा जण आले. शेवटी राहिले दोघं, दादा आणि एक बीई झालेली मुलगी, रांजणगावच्या एका कंपनीत तीन वर्षं क्वालिटीला काम केलेली.

बोअरचं काय झालं ते जरा सविस्तर

दादांनी आधी ते वीस पीस मोजले, मग कोणाला न विचारता शॉपमध्ये गेले आणि मशीनवरून नुकताच उतरलेला पीस फडक्यात धरून घेऊन आले. एअर गेजवर (हवेच्या दाबानं बोअर मोजणाऱ्या गेजवर) लावला, २५.००२, ओके. तो सरफेस प्लेटवर ठेवला आणि बाकीचं काम करत बसले. अर्ध्या तासानं तोच पीस परत लावला तर २४.९९८. म्हणाले, "गरम आहे तोवर ओके दाखवतंय. रात्रपाळीला पोरं उतरवतात की लगेच मोजतात, टार्गेट असतंय ना." गेज ज्यावरून सेट करतात तो मास्टर रिंग थंड आणि पीस हाताला गरम लागणारा, हे त्यांना हातानंच माहीत होतं.

त्या मुलीनं पीस तर मोजलेच, पण तिनं आधी रिपोर्ट मागून घेतले आणि बोअरची रीडिंग तारीखवेळेनुसार कागदावर आलेखासारखी मांडली. आलेख हळूहळू खाली येतो, मग एकदम वर जातो, परत खाली. तिनं विचारलं इन्सर्ट (टूलची कापणारी टिकली) कधी बदलता? बदलायच्या वेळा आलेखातल्या उड्यांशी जुळल्या. बोअरिंगचा इन्सर्ट झिजला की बोअर लहान होत जातो आणि इथे इन्सर्ट ठरलेल्या पीसपेक्षा जास्त ओढला जात होता. दादांचं गरम पीसचं ऐकल्यावर तिनं तिथेच हिशोब केला, स्टील मीटरला अंशामागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं, २५ मिलिमीटरला पंधरा अंशाचा फरक धरला तर चार मायक्रॉन. गेजवर दिसलेला फरक तेवढाच होता.

म्हणजे कारण दोन्ही होती. इन्सर्ट झिजून बोअर खालच्या लिमिटजवळ आलेला, आणि गरम मोजल्यामुळे तो लिमिटच्या आत दिसलेला. एकट्या कोणाचं उत्तर पुरलं नसतं. मला हा त्या दिवसाचा सगळ्यात मोलाचा भाग वाटतो, कारण तिचं गणित कॉलेजातून आलेलं आणि दादांचं फडकं शॉपमधून, आणि दोन्ही नसती तर ८डीमध्ये परत ऑपरेटर निग्लिजन्सच लिहिलं गेलं असतं.

निर्णयाचा तिसरा टप्पा: कोण?

एकूण गुणांत ती थोडी पुढे होती. गेजच्या तक्त्यात दादा अडखळले, ८डीचा मसुदा त्यांनी मराठीत चांगला लिहिला पण क्रम चुकला. ऑपरेटरशी बोलताना मात्र दादा खूपच पुढे, त्यांनी आधी विचारलं ऑफसेट बदलला की काय होतं तुझं, आणि तो माणूस दोन मिनिटांत मोकळा बोलायला लागला. ती नियम सांगत राहिली.

इथे खरी ओढाताण झाली, कारण कोणत्या भागाला किती वजन हे आधी लिहून ठेवलं नव्हतं. छोटे साहेब म्हणाले बेरीज बघा. मालक म्हणाले माल खाली शॉपमध्ये बिघडतो, वर ऑफिसात नाही, मला खाली पकड असलेला माणूस पाहिजे. दोघंही चूक नव्हते. शेवटी मालकांचं चाललं आणि दादांची निवड झाली. तिची झाली असती तर तीही योग्यच निवड ठरली असती हे मी तेव्हाही म्हटलं, म्हणून हे प्रकरण डिग्री हरली आणि अनुभव जिंकला असं कोणी वाचू नये.

पुढे काय केलं

छोट्या साहेबांना दादांना आधी सहा महिने 'ॲक्टिंग इनचार्ज' करायचं होतं. मी विचारलं, ती मुलगी आली असती तर तिच्या लेटरवर ॲक्टिंग लिहिलं असतं का? नसतं. मग तो शब्द गेला.

पगारावर जास्त ताणलं गेलं. दादांना सव्वीस हजार मिळत होते, ऑफर आली तीस. आणि याच खुर्चीसाठी बजेट होतं पंचेचाळीस. म्हणे त्यांना सव्वीसवरून तीस म्हणजे चांगलीच वाढ आहे. या गोष्टीचा मला मनापासून राग येतो आणि ती मी बऱ्याच ठिकाणी बघितलीय, जबाबदारी पूर्ण द्यायची, सही त्याची, कस्टमरचा फोन त्याला, आणि पैसे मात्र जुन्या पगारावर टक्के लावून. पगार कामाचा असतो, माणूस आधी किती घेत होता त्याचा नाही. बसून बोलणं झालं, अडतीसवर ठरलं आणि ऑडिटनंतर बेचाळीस. पंचेचाळीस काही झाले नाहीत.

कागदांसाठी नॅट्स या केंद्र सरकारच्या अप्रेंटिस योजनेतून एक ग्रॅज्युएट अप्रेंटिस घेतली, किमान स्टायपेंडचा निम्मा भाग केंद्र सरकार देतं त्यामुळे परवडलं. दादांना कोअर टूल्सच्या ट्रेनिंगला पाठवलं. कॉम्पिटन्सी मॅट्रिक्स बदलली, बीईच्या जागी कामाला लागणाऱ्या गोष्टी लिहिल्या आणि पुरावा म्हणून चाचणीचे पेपर फाइलला लावले.

निकाल

बोअरची तक्रार परत आली नाही. पीस प्लेटवर थंड झाल्याशिवाय फायनल रीडिंग घ्यायचं नाही हा नियम झाला, आणि इन्सर्ट पीस मोजून बदलला जातो, रात्रपाळीला सुद्धा.

ऑडिटला ऑडिटरनं इनचार्जची पात्रता विचारली, चाचणीची फाइल बघितली, दोन प्रश्न दादांना विचारले आणि पुढे गेला. एक मायनर एनसी (छोटी त्रुटी) निघाली, एका प्लग गेजची कॅलिब्रेशनची तारीख उलटलेली, ती दादांच्याच अखत्यारीतली होती.

सगळं गोड झालं नाही. अप्रेंटिस गावाला गेलेली असताना एक ८डी उशिरा गेला, एसक्यूएनं वरपर्यंत मेल टाकला. प्रॉडक्शनमधला एक इंजिनीअर बरेच दिवस दादांच्या सकाळच्या मीटिंगला यायचा नाही, मालकांनी बोलावून समज दिल्यावर यायला लागला, पण मनातून अजून किती मानतो सांगता येत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

वजनं आधी ठरायला हवी होती, चाचणीच्या आदल्या दिवशी सगळ्यांच्या सहीनं. मग बेरजेवरून वाद झालाच नसता आणि निवड कोणाचीही झाली तरी दुसऱ्याला समोर ठेवून सांगता आलं असतं. पगाराचा पट्टा पण तसाच, माणूस दिसायच्या आधी. मराठीत लिहिलेलं चालेल हे जाहिरातीतच असतं तर आतले आणखी दोन-तीन जण तरी पुढे आले असते, नंतर एका सेटरनं मला तसं बोलून दाखवलं.

आणि ती मुलगी. तिला गुणपत्रक दिलं, कुठे कमी पडली ते सांगितलं, तिनं ते शांतपणे घेतलं आणि ऑपरेटरशी बोलण्याबद्दल आणखी विचारलं सुद्धा. त्याच वेळी छोट्या साहेबांनी तिच्यापुढे सहा महिन्यांनंतरच्या सिस्टीमच्या कामाचा विषय काढायला हवा होता, कारण काम वाढणार हे दिसत होतं. पुढे जागा निघाली तेव्हा फोन केला तर ती तळेगावला लागलेली. साठ माणसांच्या युनिटला असा इंजिनीअर दारात येऊन परत जाणं परवडत नाही.

राहता राहिला दादांचा स्वतःचा प्रश्न. इथे ते इनचार्ज आहेत, पण उद्या हे युनिट सोडलं तर चाकणच्या मोठ्या कंपनीच्या पोर्टलवर शिक्षणाच्या रकान्यात आयटीआय टाकलं की अर्ज माणसापर्यंत पोचतच नाही, त्यांनी एकदा करून बघितलंय. म्हणून डिप्लोमा करा म्हणून मीच मागे लागलेय. आयटीआय झालेल्यांना डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि एआयसीटीईनं (तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय परिषदेनं) २०२३ पासून नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळेतले वर्ग चालवायला कॉलेजांना परवानगी दिलीय, त्यासाठी कामाचा किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. अनुभवाला किंमत द्या म्हणून इतकं भांडल्यावर मी कागद मिळवा का म्हणते असं छोट्या साहेबांनी विचारलं. कारण एका कंपनीनं रकाना बदलला म्हणून बाकीच्यांचा बदलत नाही, आणि त्याची किंमत दादांनी का मोजायची.

मालक निम्मी फी द्यायला आणि दादांना जनरल शिफ्टला ठेवायला तयार आहेत. पण बाँडचा जो मसुदा माझ्याकडे आलाय त्यात डिप्लोमानंतर तीन वर्षं सोडायचं नाही एवढंच लिहिलंय, त्या तीन वर्षांत पगार किती वाढणार याचा एक शब्द नाही. दादांना सांगितलंय की सही करू नका, आधी तो भाग लिहून येऊ दे. पुढच्या आठवड्यात तिघांबरोबर बसायचंय.